पगारातून कापायची राहिलेली रक्कम: पेरोलमध्ये बाकी कशी चालवायची

पगाराचा रन, म्हणजे सॉफ्टवेअरमधली महिन्याच्या पगाराची गणना, झाला, यादी उघडली आणि एका कामगारापुढे निव्वळ पगार ‘उणे ५३९’ आला. पेरोल नुकतंच हाती घेतलेला माणूस अशा वेळी बहुधा एकच करतो: एखादी कपात हाताने खोडतो, आकडा सरळ करतो आणि बँकेची फाइल पाठवून मोकळा होतो. त्या दिवसापुरतं काम होतं. पण खोडलेली कपात कुठे गेली हे कुठेच लिहिलेलं नसतं. दोन महिन्यांनी पतपेढीतून हप्त्याची विचारणा येते, तोवर ती कपात कुणी आणि का खोडली हे कुणालाच आठवत नाही.

खाडे जास्त झाले, बिनपगारी रजा पडली, माणूस महिन्याच्या मध्यावर रुजू झाला, दोन उचली एकाच वेळी सुरू झाल्या, अशा कोणत्याही कारणाने पगार कपातींना पुरत नाही. हे दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं होणारच. म्हणून त्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आधीच करून ठेवायची. सॉफ्टवेअर कुठलंही असो, पर्यायांची नावं बदलतात, ठरवायच्या गोष्टी त्याच राहतात. खालची मांडणी महाराष्ट्रातल्या लहान-मध्यम कंपनीला धरून आहे.

पायरी १: कपात कोणाची आहे ते आधी ठरवा

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. ‘राहिलेली रक्कम पुढे न्या’ ही खूण सापडली की नवखा माणूस ती सगळ्याच कपातींना लावून टाकतो. प्रत्येक कपात पुढे नेता येत नाही.

पीएफ घ्या. कर्मचाऱ्याचा १२ टक्के हिस्सा ज्या महिन्याचा, त्याच महिन्याच्या पगारातून कापायचा असतो. १९५२ च्या पीएफ योजनेतला परिच्छेद ३२ हेच सांगतो. कारकुनी चुकीने कपात राहिली, तर पुढच्या पगारातून ती घ्यायला निरीक्षकाची लेखी संमती लागते. पैसे मात्र पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावेच लागतात, आणि तेव्हा कर्मचाऱ्याचा हिस्साही कंपनीच्याच खिशातून जातो. ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) तसंच: कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के त्या-त्या काळाच्या वेतनातूनच कापायचे, हा नियम १९४८ च्या कायद्यापासून चालत आला आहे. म्हणून पीएफ आणि ईएसआय या दोन शीर्षांना (सॉफ्टवेअरमध्ये कपातीच्या प्रत्येक प्रकाराला शीर्ष म्हणतात) ‘पुढे न्या’ची खूण कधीही लावू नका. तसंही हे दोन्ही मिळालेल्या वेतनाच्या टक्क्यांत निघतात. पगार कमी झाला की कपातही आपोआप कमी होते. पैसे पुरले नाहीत म्हणून पीएफ राहिला असं दिसलं, तर दोष पगारात नाही, कपातींच्या क्रमात आहे. कुठली तरी दुसरी कपात त्याच्या आधी लागली आहे.

व्यवसाय कराबाबत १९७५ चा राज्याचा कायदा मालकाला सुटका देत नाही. कपात केली असो वा नसो, कर भरायची जबाबदारी मालकाची. पण इथे एक बारकावा आहे. टप्पा त्या महिन्याच्या पगारावर ठरतो: ७,५०० पर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५, त्यापुढे २०० आणि फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत कर नाही. खाडे होऊन पगार ५,४०० वर आला, तर त्या महिन्याचा कर शून्यच आहे. ती ‘राहिलेली कपात’ नव्हे. सॉफ्टवेअर तिथे २०० रुपये बाकी दाखवत असेल, तर शीर्षाला टप्प्यांऐवजी ठरावीक रक्कम लावलेली आहे, तेवढं तपासा.

कामगार कल्याण निधीचे २५ रुपये जून आणि डिसेंबरच्या पगारातून जातात, मालकाचे ७५ वेगळे. रक्कम लहान म्हणून कुणी लक्ष देत नाही आणि म्हणूनच ती राहते.

आयकराचा हिशेब वर्षाचा असतो. एखाद्या महिन्यात टीडीएस (पगारातून कापायचा आयकर) कमी कापला गेला, तर सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यात वर्षाचा अंदाज नव्याने काढून उरलेल्या महिन्यांत तो वाटून घेतं. वर्षाच्या आत असं कमी-जास्त जुळवून घ्यायला कायद्यातच मुभा आहे. त्यावर पुन्हा ‘पुढे न्या’ लावलंत, तर तीच रक्कम दोनदा कापली जाईल: एकदा बाकी म्हणून, एकदा नव्या अंदाजात.

पुढे नेण्यासारख्या कपाती उरतात त्या दोन प्रकारच्या. एका प्रकारात आपण फक्त पोस्टमनचं काम करतो: सोसायटीचा किंवा पतपेढीचा हप्ता, कोर्टाच्या जप्तीची रक्कम, कामगाराने स्वतः घेतलेल्या विम्याचा हप्ता. दुसऱ्या प्रकारात कंपनीचंच येणं असतं: उचल, कॅन्टीन, बस. या दोन प्रकारांची नोंद हिशेबात वेगळी पडते, ते पुढे येईल.

पायरी २: निम्म्याची मर्यादा सॉफ्टवेअरला सांगा

निव्वळ पगार शून्याखाली गेला नाही म्हणजे सगळं बरोबर, असं नाही. वेतन संहिता, म्हणजे वेतनाचा नवा केंद्रीय कायदा, त्याच्या कलम १८ प्रमाणे एका वेतनकाळातल्या एकूण कपाती वेतनाच्या ५० टक्क्यांपुढे जाता कामा नयेत. यात पीएफ, कर, सोसायटी, उचल सगळं आलं.

जुन्या सेटअपमध्ये इथे बहुतेक वेळा ७५ सापडेल. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात सहकारी सोसायटीची कपात असेल तर मर्यादा ७५ टक्के होती, एरवी ५०. शिवाय तो कायदा महिना २४,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांनाच लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता लागू झाली आणि सोसायटीची ती वेगळी सवलत गेली, पगाराची अटही गेली. त्यामुळे व्यवस्थापकाच्या पगारालाही आता हीच मर्यादा आहे. तुमच्या आधीच्या माणसाने २०१८ साली टाकलेला ७५ चा आकडा अजून तिथेच बसलेला असेल, तर आजच बदला.

निम्मं कशाचं, हेही बघा. संहितेतलं ‘वेतन’ म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि राखीव भत्ता (काम नसलेल्या काळात कामगार टिकवायला दिलेला). घरभाडे, प्रवास वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापुढे गेले, तर वरची रक्कम पुन्हा वेतनात धरायची. सॉफ्टवेअरमध्ये मर्यादेचा आधार म्हणून ‘एकूण पगार’ निवडलेला असेल, तर मर्यादा खरी असावी त्यापेक्षा सैल लागते.

पायरी ३: प्रत्येक शीर्षाला पाच उत्तरं द्या

क्रम कितवा? अर्धवट कापली तर चालेल का? राहिलेली पुढे न्यायची का? पुढे नेलेली एका महिन्यात जास्तीत जास्त किती कापायची? आणि एकूण किती झाल्यावर थांबायचं?

शेवटचे दोन प्रश्न बहुतेक जण रिकामे सोडतात, आणि रिकामं म्हणजे अमर्याद. मग रजेवरून परतलेल्या माणसाचे तीन महिन्यांचे हप्ते एकाच पगारातून जातात. कायद्याच्या मर्यादेत बसलं तरी त्याच्या घरी त्या महिन्यात काय शिजायचं?

क्रम लावताना आधी पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर, टीडीएस. मग कोर्टाचा हुकूम. त्यानंतर सोसायटी. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने करार करून दिलेला असेल आणि संस्थेने मागणी केली असेल, तर कपात करणं मालकावर बंधनकारक आहे. न केल्यास संस्था ती रक्कम मालकाकडूनच वसूल करू शकते. कंपनीची स्वतःची उचल सगळ्यात शेवटी. अनेक ठिकाणी हे उलटं असतं, कारण उचल मंजूर करणारा साहेब शेजारच्या केबिनमध्ये बसतो आणि पतपेढी गावात. क्रम कायद्यावरून लावा, केबिनवरून नको.

अर्धवट कपात कुठे चालते ते ज्याचे पैसे त्यालाच विचारा. पतपेढ्या बहुधा मिळेल ते घेतात, आधी व्याजात वळवतात. विम्याला अर्धा हप्ता चालत नाही.

पायरी ४: एक महिना हाताने चालवून पाहा

समजा कामगाराचा महिन्याचा पगार १८,००० रुपये, सगळा मूळ आणि महागाई भत्ता. महिना ३० दिवसांचा, पगारी दिवस ९. म्हणजे मिळकत ५,४००.

पीएफ ६४८. ईएसआय ४०.५०, वर नेऊन ४१. व्यवसाय कर शून्य. हे झाले ६८९. आता बाकीच्या: सोसायटी २,५००, कॅन्टीन ४५०, कंपनीने काढलेल्या विम्यात आईवडिलांसाठीच्या वाढीव हप्त्याचे ३००, उचलीचा हप्ता २,०००. बेरीज ५,२५०. एकूण ५,९३९, म्हणून सुरुवातीचे ते उणे ५३९.

मर्यादा लावली की चित्र बदलतं. ५,४०० चे निम्मे २,७००. त्यातून ६८९ गेले, उरले २,०११. ते सगळे सोसायटीकडे. म्हणजे सोसायटीचे ४८९ राहिले, कॅन्टीन, विमा आणि उचल पूर्ण राहिली. कामगाराच्या हातात २,७००. कापायची राहिलेली एकूण रक्कम ३,२३९.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणीपुरता एक कर्मचारी तयार करून हेच आकडे टाका. उत्तर २,७०० आलं नाही, तर पायरी २ किंवा ३ मध्ये काहीतरी चुकलं आहे. शून्य आलं, तर मर्यादा लागूच झालेली नाही. २,७०० आलं पण सोसायटीचे २,५०० पुढे गेलेले दिसले, तर अर्धवट कपातीची खूण राहिली आहे.

पायरी ५: ३,२३९ चं काय करायचं

इथे सॉफ्टवेअरवर सोडू नका. रक्कम एक दिसली तरी ती चार वेगळ्या गोष्टींची आहे.

उचलीचे २,००० मी बाकीत टाकणार नाही. उचलीचा हप्ता चुकला की परतफेडीची मुदत एका महिन्याने वाढवायची, शेवटी एक हप्ता जोडायचा. बहुतेक सॉफ्टवेअरच्या कर्ज विभागात त्या महिन्याचा हप्ता ‘थांबवा’ किंवा ‘पुढे ढकला’ असा पर्याय असतो. तो न वापरता शीर्षावरची ‘पुढे न्या’ वापरली, तर कर्जाच्या खात्यात २,००० बाकी आणि थकबाकीच्या खात्यातही २,००० बाकी, अशी एकच रक्कम दोन ठिकाणी दिसू लागते. कर्ज विभाग आणि थकबाकी यांतला एकच मार्ग चालू ठेवा.

उरले १,२३९. सोसायटीच्या ४८९ वर व्याज चढतं, म्हणून ते पुढच्याच महिन्यात. कॅन्टीन आणि विम्याचे ७५० दोन महिन्यांत, ३७५ प्रमाणे.

पुढच्या महिन्यात पूर्ण हजेरी धरू. पगार १८,०००. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर १,८००, ईएसआय १३५, व्यवसाय कर २००, म्हणजे २,१३५. नेहमीच्या ५,२५०. बाकीपोटी ४८९ आणि ३७५. एकूण ८,२४९. निम्म्याची मर्यादा ९,०००, त्यात बसलं. हातात ९,७५१. सगळी १,२३९ एकदम कापली असती तरी ८,६२४ होऊन मर्यादेतच राहिलं असतं. पण मागच्या महिन्यात २,७०० वर घर चालवलेल्या माणसाला दोन महिन्यांचा वेळ द्यायला कंपनीचं काही जात नाही. आणि हे ठरवताना त्याला बोलावून विचारा. कागदावर त्याची सही असली की पुढे ‘मला न सांगता कापले’ हे ऐकावं लागत नाही.

पगार स्लिपवर चालू महिन्याची कपात आणि मागची बाकी एकाच ओळीत बेरीज करून छापू नका. ‘सोसायटी २,९८९’ पाहून कामगार तडक ऑफिसात येतो. ‘सोसायटी २,५००’ आणि खाली ‘सोसायटी, मागील बाकी ४८९’ असं दिसलं तर येत नाही. खाली अजून किती बाकी आहे तेही छापता आलं तर उत्तम.

पायरी ६: बाकीची वही आणि हिशेबाची वही

दर महिन्याला प्रत्येक माणसाच्या प्रत्येक शीर्षापुढे चार आकडे असावेत: आरंभीची बाकी, या महिन्यात राहिलेली, या महिन्यात वसूल, अखेरची बाकी. या अहवालाची अखेर आणि पुढच्या महिन्याची आरंभीची बाकी जुळलीच पाहिजे. जुळत नसेल तर मधे कुणीतरी जुना महिना उघडून पुन्हा चालवला आहे.

लेखा विभागाशी इथे एक गोष्ट बोलून घ्या. सोसायटीचे आपण जेवढे कापले तेवढेच, म्हणजे २,०११ पाठवले. राहिलेले ४८९ हे कामगार आणि सोसायटी यांच्यातलं देणं. कंपनीच्या पुस्तकात ते येणं म्हणून दाखवायचं कारण नाही. कॅन्टीनच्या ठेकेदाराला आणि विमा कंपनीला मात्र आपण पूर्ण पैसे दिलेले असतात. तिथले ७५० हे कंपनीचं कामगाराकडून खरं येणं आहे, ते कर्मचारी येणं खात्यात जायला हवं. पेरोलचा थकबाकी अहवाल सरसकट लेखा सॉफ्टवेअरमध्ये ओढणाऱ्या जोडण्या हा फरक ओळखत नाहीत. शीर्षनिहाय खातं तुम्हालाच नेमून द्यावं लागतं.

सोसायटीला पाठवायच्या यादीत मागणी, कपात आणि फरक हे तीन रकाने ठेवा, फरकापुढे कारण लिहा. ‘बिनपगारी २१ दिवस’ एवढं पुरतं.

कामगाराने बाकी रोखीने किंवा यूपीआयने भरली, तर पावतीबरोबर थकबाकीच्या खात्यातही वसुलीची नोंद करा. पैसे लेखा विभागात जमा आणि पेरोलला पत्ताच नाही, ही दुहेरी कपातीची नेहमीची वाट.

पूर्ण महिना गैरहजर माणूस

याला वेगळी पायरी म्हणत नाही, पण सगळ्यात जास्त रकमा इथेच हरवतात. पगारी दिवस शून्य असतील तर बरीच सॉफ्टवेअर त्या कर्मचाऱ्याला रनमधूनच वगळतात, किंवा आपण ‘पगार थांबवा’ करून वगळतो. रन नाही म्हणजे कपातीची गणनाच नाही, आणि गणना नाही म्हणजे राहिलेली कपातही तयार होत नाही. लांबच्या आजारपणानंतर माणूस कामावर येतो तेव्हा थकबाकीच्या अहवालात त्याच्यापुढे शून्य, आणि विम्याचे हप्ते कंपनी महिनोन्‌महिने भरत आलेली. अशा माणसाला वगळू नका. शून्य पगारावर रन करा. तुमचं सॉफ्टवेअर तसं करू देत नसेल, तर मस्टरवरून शून्य दिवसांची यादी काढून बाकी हाताने चढवा.

मागचा पगार द्यायचा असेल तेव्हा

कधी उलटं होतं. हजेरीची दुरुस्ती उशिरा आली, चार दिवसांचा पगार द्यायचा राहिला, किंवा वाढ मागच्या तारखेपासून लागू झाली. हा फरक चालू महिन्यात एकगठ्ठा ‘इतर मिळकत’ म्हणून टाकायचा मोह आवरा. पीएफची १५,००० ची मर्यादा महिन्यागणिक आहे. मागच्या महिन्यात वेतन ११,००० होतं आणि ३,००० फरकाचे द्यायचे आहेत, तर त्या महिन्याचं वेतन १४,००० होऊन पूर्ण फरकावर पीएफ लागतो. तेच ३,००० आधीच १५,००० ला पोचलेल्या चालू महिन्यात टाकले, तर पीएफ शून्य निघतो आणि तपासणीत अडकतो. म्हणून मागच्या तारखेचा बदल त्या-त्या महिन्यात नोंदवून फरक सॉफ्टवेअरलाच काढू द्या.

फरक मिळाला म्हणून त्या माणसाची जुनी बाकी लगेच त्यातून वळती होईल का, हेही तपासा. काही सॉफ्टवेअर फरकाच्या वेगळ्या रनमध्येसुद्धा थकबाकी कापतात. मग महिन्याच्या नेहमीच्या रनमध्ये तीच पुन्हा कापली जात नाही ना, ते पाहायलाच हवं.

नोकरी सोडताना

राजीनामा असो वा काढून टाकणं, संहितेप्रमाणे शेवटचं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. म्हणजे बाकी शोधत बसायला वेळ नाही. राजीनाम्याचं पत्र आलं त्याच दिवशी चार आकड्यांचा अहवाल काढा, कर्ज विभागातली उरलेली उचल पाहा आणि सोसायटीला कळवा. शेवटच्या महिन्यात ‘एका महिन्यात कमाल किती’ ही खूण बहुतेक सॉफ्टवेअर आपोआप उठवतात आणि सगळी बाकी एकदम कापायला घेतात. निम्म्याची मर्यादा तिथेही लागते आहे ना, ते डोळ्यांनी बघा.

ग्रॅच्युइटीला हात लावू नका. तिला आणि पीएफच्या जमा रकमेला जप्तीपासून कायद्याचं संरक्षण आहे. उचल तिथून वळती करायची कल्पना कुणी मांडली तर लेखी हुकूम मागा, बहुधा येत नाही. इतकं करूनही बाकी उरली, तर निव्वळ पगार उणे ठेवून फाइल बंद करू नका. उरलेली रक्कम लेखा विभागाच्या येणे खात्यात हलवा, कामगाराकडून भरण्याचं पत्र घ्या आणि पेरोलमधली बाकी ‘बाहेरून वसुली’ अशा नोंदीने शून्य करा. नाहीतर तोच माणूस वर्षभराने पुन्हा कामावर लागतो, जुना क्रमांक पुन्हा चालू होतो आणि पहिल्याच पगारातून मागची उचल कापली जाते.